घट्ट शेकचे दोन ग्लास

जेवणं झाल्यावर पातेल्यात काय उरतं हे ज्यांनी जन्मात कधी पाहिलं नाही, तेच लोक घर आपण चालवतो म्हणून सांगत फिरतात. परवाचंच ऐका.

मी नगरहून शेवगावला घरी गेले होते. आई फोनवर म्हणाली होती, "तू ते बिस्किटाचं घट्ट शेक पितीस ना, मला दे एकदा करून." म्हणून मी आइस्क्रीम, काळी क्रीमची बिस्किटं आणि जेमतेम कपभर दूध मिक्सरला लावलं. चमचा उभा राहील इतकं घट्ट झालं. बरोबर दोन ग्लास भरले, एक तिचा, एक माझा.

तेवढ्यात बाबा आणि काका बाजारातून आले. मी चमचे घेऊन वळते, तर दोन्ही ग्लास त्यांच्या हातात.

"आई, तुझ्यासाठी केलं होतं ते."

"ते उन्हातनं आलेत गं. आपन काय, घरातच हाय."

बाबा म्हणाले, "लई घट्ट झालंय. दूध कमी पडलं व्हय?"

"बाबा, तो आईचा ग्लास होता."

"मग आधी सांगायचं न्हाई का?" असं म्हणून त्यांनी चमच्याने तळ खरवडला.

आईने मिक्सरच्या भांड्यात पाणी ओतलं, खळखळून हलवलं आणि ते करडं पाणी ओट्यापाशी उभ्यानेच तोंडाला लावलं. त्या दोघांपेक्षा मला तिचाच राग जास्त आला.

काका मिशी पुसत हसले. "काय वहिनी, तुमी गुपचूप एकट्याच पिताय व्हय?"