दुसरं कुलूप

दादा : फोन स्वच्छ आहे. दोनदा तपासला. कुणी चोरून काही घातलेलं नाही त्यात. आता तो लॅपटॉप दे इकडे.

धाकटी : तो दुकानाचा आहे. चष्म्यांच्या ऑर्डरी सोडल्या तर काही नसतं त्यात. माझा मेल उघडते कधीमधी, एवढंच.

दादा : तेच तर बघायचंय. हे बघ, पाणी कुठून गळतंय ते शोधायचं तर आधी सगळे नळ बघावे लागतात. वायफाय कुणाचं वापरतेस?

धाकटी : घरमालकीणबाईंचं. खाली त्यांचा शिवणवर्ग आहे.

दादा : आणि पासवर्ड?

धाकटी : भिंतीवर खडूने लिहिलाय. वर्गातल्या सगळ्याच बायका वापरतात.

दादा : झालं. मी ऑफिसाऑफिसांतून घसा कोरडा करत फिरतो, राऊटरचा पासवर्ड असा उघड्यावर टाकू नका म्हणून. लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन तेच करतात.

धाकटी : दादा, शिवणवर्गातल्या बायकांनी माझा मेल वाचला आणि नेऊन माझ्या नवऱ्याच्या वकिलाला दिला, असं म्हणायचंय का तुला?

दादा : शक्यता सांगतोय फक्त. तू मंगळवारी फोनवर धड काही बोललीच नाहीस. कोर्टात नेमकं झालं काय?

धाकटी : काय व्हायचंय. आमच्या वकीलबाईंचं बोलून झालं. न्यायाधीशबाई मान हलवत होत्या. मला वाटलं, चला, पोरीचा ताबा मिळतोय, मनी आपल्याकडेच राहतेय. तेवढ्यात त्याचा वकील उठला आणि एक छापील कागद वाचायला लागला. पहिल्या दोन शब्दांतच मला कळलं, हे माझंच आहे.

दादा : कुणाला लिहिलेलं?

धाकटी : समुपदेशनाच्या बाईंना. पावसाळ्याआधीचं. मनीला तीन दिवस ताप होता, मी तीन दिवस जागी होते. चौथ्या दिवशी दुपारी ती थांबेचना रडायची. मी तिला गादीवर ठेवलं, दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसले. त्यात लिहिलं होतं, की वाटलं तसंच खाली उतरावं आणि चालत सुटावं, मागे वळून बघू नये.

दादा : असं लिहितं का कुणी?

धाकटी : ज्या बाईंना लिहिलं, त्यांना तसंच लिहायचं असतं. मनात येईल ते. त्यांनीच सांगितलं होतं.

दादा : पुढे?

धाकटी : पुढे मी लिहिलं होतं, की दहा मिनिटांनी आत गेले, तर ती गादीवर उठून बसली होती आणि माझ्या ओढणीने स्वतःचं नाक पुसत होती. मग आम्ही दोघी हसलो. ते त्याने वाचलंच नाही. जिन्यापर्यंत वाचलं आणि कागद खाली ठेवला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, हे तुम्ही लिहिलंय? काय सांगणार होते? हो म्हटलं.

दादा : कागद मिळाला कुठून, हे आपल्या वकीलबाईंनी विचारायला हवं होतं.

धाकटी : विचारलं. तो म्हणाला, पत्नीनेच पाठवलेला आहे. ते नंतर बघू म्हणाल्या. पण पुढच्या तारखेपर्यंत मुलगी बापाकडे. शनिवारी दहा वाजता घेऊन जाणार आहे तो. पाच महिन्यांनी तारीख आहे. साडेतीन वर्षांची आहे ती, दादा. पाच महिन्यांत ती काय काय विसरेल, कुणास ठाऊक.

दादा : बघू, बघू. काहीतरी मार्ग निघेल. ते काही मनीला त्रास देणार नाहीत.

धाकटी : अजून 'ते'च म्हणतोस तू त्याला.

दादा : सवय आहे गं तोंडाला. हे बघ, लॅपटॉपही ठीक दिसतोय. मला विचारशील तर वायफायच. आजच्या आज ते बंद कर, मी तुला वेगळं जोडून देतो.

धाकटी : मेलचं खातं नाही बघितलंस.

दादा : ते मीच बसवून दिलंय ना. तू घर सोडलंस त्याच आठवड्यात. त्याला दोन कुलपं आहेत. एक पासवर्डचं आणि दुसरं कोडचं. नव्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर उघडायला गेलं, की आधी पासवर्ड लागतो आणि मग कोड. तो कोड आल्याशिवाय देवालासुद्धा आत जाता येत नाही.

धाकटी : कोड तुझ्या फोनवर येतो.

दादा : कारण तुझं सिमकार्ड तेव्हा त्यांच्या नावावर होतं. तुझ्या नंबरवर कोड घेतला असता, तर ते सिमच बदलून घेतलं असतं कुणी. म्हणून माझा नंबर टाकला. अगदी पुस्तकात सांगितलंय तसं केलं मी.

धाकटी : मग बघायला काय हरकत आहे? कुठल्या कुठल्या फोनवर खातं उघडलंय त्याची यादी असते ना आत? आमच्या दुकानातला ऑर्डरी घेणारा म्हणाला. उघड, मला बघू दे.

दादा : त्याला काय कळतंय. ती यादी कधीकधी चुकीचंही दाखवते.

धाकटी : दादा, स्क्रीन इकडे वळव.

(दादाने लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं.)

धाकटी : उघड ते.

दादा : हे बघ, तू आत्ता आधीच...

धाकटी : उघड. हं. हा माझा फोन. हा दुकानाचा लॅपटॉप. आणि हा तिसरा?

दादा : असेल कुठला तरी जुना.

धाकटी : जुना कुठला? मी घरातून निघाले तेव्हा माझ्याकडे एक पिशवी आणि मनी होती. तारीख बघ. एप्रिलची सोळा. सोळा एप्रिल... थांब. मी भिंग घासत होते. समोर गिऱ्हाईक बसलं होतं आणि फोन वाजला. नवीन फोनवरून खातं उघडलं आहे, ते तुम्हीच का? हो किंवा नाही.

दादा : असे निरोप येतच असतात.

धाकटी : मी मशीन बंद करून तुला फोन केला होता. तू म्हणालास, मीच आहे, तपासत होतो, 'हो' दाब. मी 'हो' दाबलं. नंतर गिऱ्हाइकाला सांगितलंसुद्धा, माझा भाऊ या कामातला आहे, मला काळजी नाही.

दादा : हळू बोल. खाली बायका आहेत.

धाकटी : मी हळूच बोलतेय. हा फोन तुझा आहे का?

दादा : नाही.

धाकटी : त्याचा आहे.

दादा : हं.

धाकटी : पासवर्ड तूच ठेवून दिला होतास. पक्का आहे, बदलू नकोस म्हणालास. तोही तूच सांगितलास?

दादा : आधी ऐकून घे. ते माझ्या ऑफिसात आले होते. खाली फाटकापाशी उभे होते, दाढी वाढलेली. म्हणाले, दोन महिने झाले, पोरीचं तोंड पाहिलं नाही. तिचे फोटो तिच्या आईच्या खात्यात साठतात, तेवढे एकदा बघू द्या. अहो, मी बाप आहे तिचा, म्हणाले. रडले गं. माझ्यासमोर एक मोठा माणूस रडत होता.

धाकटी : माझ्यासमोरही रडायचा तो. हात उगारून झाला की.

दादा : मला वाटलं, फोटो बघतील, मन निवळेल. तुमचं दोघांचं जुळेल पुन्हा. तू तेव्हा संतापात होतीस, तुला काही सांगण्यात अर्थच नव्हता. मी काय वाईट चिंतलं होतं का तुझं? घर मोडू नये एवढंच मनात होतं.

धाकटी : माझं घर मोडू नये म्हणून माझ्या घराची किल्ली देऊन टाकलीस. मला न विचारता.

दादा : नंतर त्यांना बाहेर काढायचं होतं मला. दोन मिनिटांचं काम. राहून गेलं.

धाकटी : राहून गेलं. आणि आत्ता तासभर माझा फोन उलटापालटा करत बसलास. बायकांवर घातलंस, भिंतीवरच्या खडूवर घातलंस. तुला आल्या आल्या ठाऊक होतं.

दादा : ठाऊक नव्हतं. भीती होती.

धाकटी : बरं. एक काम कर. वकीलबाई म्हणाल्यात, कागद चोरून मिळवलाय हे दाखवता आलं, तर तारीख अलीकडे ओढता येईल. तू लिहून दे. सोळा एप्रिलला मी त्याला पासवर्ड आणि कोड दिला, बहिणीला न सांगता. खाली सही.

दादा : लेखी?

धाकटी : कोर्टात तोंडी चालत नाही.

दादा : हे बघ, तुला कल्पना नाही. माझं कामच हे आहे. कोड कुणाला सांगू नका, अगदी घरच्यांनाही नाही, हे मी पोटासाठी शिकवतो. माझ्याच नावाने असा कागद कोर्टात गेला तर उद्या मला दारात उभं कोण करेल? दोन पोरं आहेत पदरात.

धाकटी : मला एक होती.

दादा : असं बोलू नकोस. मी नाही म्हणत नाहीये. तुझ्या वहिनीशी बोलतो. घाईघाईने काहीतरी लिहिण्यापेक्षा एखाद्याचा सल्ला घेऊ.

धाकटी : माझा पासवर्ड देताना विचारलं होतंस वहिनीला?

(दादाने चहाचा कप उचलून परत खाली ठेवला.)

धाकटी : राहू दे. चहा घे, साय आली त्यावर. आणि त्याला आधी बाहेर काढ. नको, तू नको. मला दाखव, मी करते.

दादा : आधी या पानाचा फोटो घे, तारखेसकट. एकदा काढून टाकलं की पुरावा जाईल.

धाकटी : घेतला.

दादा : आता त्या तिसऱ्या फोनवर टिचकी मार. खाली 'बाहेर काढा' आहे.

धाकटी : झालं. एवढंच?

दादा : एवढंच.

धाकटी : आता तुझा नंबर काढते. सिम आता माझ्या नावावर आहे, माझाच टाकते. हे म्हणतंय, खात्री करण्यासाठी जुन्या नंबरवर कोड पाठवलाय.

दादा : आला. सात, शून्य, शून्य, तीन, आठ, एक.

धाकटी : गेला तुझा नंबर. ही खालची ओळ कसली?

दादा : फोन हरवला, पासवर्ड विसरला, तर मदतीसाठी एखादा नंबर देतात. विश्वासातल्या माणसाचा.

धाकटी : रिकामी ठेवली तर चालते का?

दादा : चालते. पण मग सगळं विसरलीस तर खातं कायमचं बंद होईल. तुझ्या मैत्रिणीचा तरी टाक कुणाच्या. त्या दुकानातल्या...

धाकटी : रिकामी ठेवते. आता पासवर्ड बदलते. तू खिडकीकडे तोंड कर.

दादा : अगं, मी काय आता...

धाकटी : कर.

दादा : केलं.

धाकटी : तसाच उभा राहा थोडा. मोठा ठेवणार आहे मी, वेळ लागेल.