अभेद्य की दुर्भेद्य?

कुलूपवाला : किल्ली केवढ्या जोरात फिरवलीत बाई! आतच मोडलीय. दार अभेद्य झालं आता.

बाई : दुर्भेद्य.

कुलूपवाला : तेच ते.

बाई : तेच कसं? फोडताच येत नाही ते अभेद्य. फोडताना घाम निघतो ते दुर्भेद्य. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय मी. तुम्हाला उघडता येत नसेल, तर खुशाल अभेद्य म्हणा आणि घरी जा.

नवरा (आतून) : ऐकलंत? म्हणून सकाळपासून इथे बसलोय!

कुलूपवाला : म्हणजे साहेब, तुम्ही अडकला नाहीत? रुसलात?

नवरा : काल लग्नाचा पस्तिसावा वाढदिवस. चार लोकांत उभा राहून म्हणालो, "माझ्या बायकोचं मन अभेद्य आहे." हिने तिथल्या तिथे चूक काढली!

बाई : अहो, मन अथांग असतं! अभेद्य असते ती भिंत. सगळे हसले.

नवरा : हसले नाहीत. टाळ्या वाजवल्या. तुझ्या भावाने तर उभं राहून.

कुलूपवाला : हं... निघालं कुलूप! पण दार का हलत नाही?

नवरा : आतून कडी आहे.

कुलूपवाला : आणि मी तासभर गुडघे घासतोय! बाई, याला काय शब्द?

बाई : आहे. पण तुमच्यासमोर नाही उच्चारणार.

कुलूपवाला : मग मी जिन्यात बसतो. तुमचं चालू द्या.

बाई : अहो, गेला तो. आता तरी कबूल करा, अथांगच म्हणायचं होतं ना?

नवरा : नाही. मला म्हणायचं होतं तेच म्हणालो. पस्तीस वर्षांत मला आतलं काही कळलेलं नाही.

बाई : मग विचारायचंत.

नवरा : विचारलं की तू आधी वाक्य दुरुस्त करतेस.

बाई : ...आज नाही करणार. विचारा.

नवरा : रिटायर झालीस, तरी रोज संध्याकाळी शाळेच्या फाटकापर्यंत का जातेस? भाजी आणायला म्हणून जातेस आणि रिकामी पिशवी घेऊन येतेस.

बाई : शाळा सुटल्याची घंटा होते ना... ती ऐकायला.

नवरा : एवढंच?

बाई : पोरं ओरडत बाहेर पडतात. कुणी ओळखतं, कुणी नाही ओळखत.

नवरा : किती वाजता सुटते?

बाई : साडेपाचला.

नवरा : थांब. सदरा बदलतो.