प्लेटांखाली मेंढ्या

मी साक्रीच्या पश्चिमेकडची, डोंगराच्या पायथ्याच्या वाडीतली. आम्ही ठेलारी, मेंढरंवाले. बाप मेंढ्या राखायचा, सासरा मेंढ्या राखायचा, म्हणजे बठ्ठं आयुष्य मेंढ्यांच्या मागंच गेलं समजा भाऊ. दिवाळी झाली की घोड्यावर संसार बांधायचा अन्‌ गुजरातकडे उतरायचं, मिरगाला परत यायचं. माझी पोरगी तिकडंच उसाच्या बांधावर झाली, सासूनं घोंगडीत गुंडाळली अन्‌ आम्ही पुढं चालायला लागलो. आता धुळ्याला नर्स आहे ती. ते राहू द्या.

तर परत आलो की चरायला आमचा एक माळ होता. म्हणजे आमचा कसला, गावातल्या लोकांचा, पण पीक येत नव्हतं म्हणून कोणी हटकायचं नाही. एका साली आलो तर माळाला तारेचं कुंपण अन्‌ आत नजर जाईल तिथवर सोलरच्या प्लेटा. लोकांनी भाड्यानं दिला होता. मेंढ्या तारेला तोंड लावून उभ्या, त्यांना काय समजतं.

तिथला साहेब भडगावचा, तरुण. तो वाडीत आला, म्हणे अक्का, प्लेटांखाली गवत माजलंय, वाळलं की आगीची भीती, मशीन लावलं तर दगड उडून काच फुटते, तुम्ही मेंढ्या आत सोडता का. मी म्हटलं, जिथं जन्मभर चारलं तिथं आता तुमच्या परवानगीनं चारू का. तो चहा पिला अन्‌ गेला. मालक, म्हणजे आमचे घरवाले, म्हणे, त्यासना दारशी जावानं नही, यंदा लवकर गुजरात गाठू. पण राग आमचा होता, भूक मेंढ्यांची होती. दुसऱ्या दिवशी मीच फाटकावर गेले.

पहिल्याच दिवशी फजिती. आमच्या शेळ्या पण आत गेल्या अन्‌ थेट प्लेटांवर चढल्या, एकीनं वायर चावली. साहेबानं डोक्याला हात लावला, म्हणे अक्का, मेंढ्या चालतील, शेळ्या नको. आता एकच वाडा, म्हणजे कळप, दोन ठिकाणी कसा राखायचा? दिवाळीनंतर मालक शेळ्या घेऊन गुजरातकडे निघाले. मी म्हटलं, तू जाय, मी आठेच ऱ्हासू, अन्‌ मेंढ्या घेऊन इथंच राहिले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा आमची ताटातूट झाली. रडले मी, मेंढ्यांसमोर रडायला काय लाजायचं.

त्या दिवसांत साहेबाला विचारलं, एवढी वीज जाते कुठं, आमच्या वाडीत तर रोज अंधार. तो म्हणे, मुंबईकडं कॉम्प्युटरच्या मोठ्या इमारती झाल्यात, त्यात ते एआय चालतं, लोक विचारतात अन्‌ ते उत्तर देतं, रात्रंदिवस वीज खातं, म्हणून कंपन्या आधीच पैसा लावतात, आता पलीकडचा डोंगर पण पाहिजे. पण कधी कधी भर उन्हात प्लेटा बंद ठेवाव्या लागतात, तारांना एवढी वीज ओढवत नाही, म्हणून नरडाण्याकडं नवे टॉवर उभे राहताहेत, अन्‌ रात्रीसाठी बॅटऱ्यांचे डबे येताहेत. मी विचारलं, पाणी पण पितं का ते? हो म्हणे, तापतं ना, थंड ठेवायला लागतं.

मग कंपनीला डोंगर द्यायचा का म्हणून ग्रामसभा झाली. मी कधी बोलले नव्हते सभेत, त्या दिवशी उभी राहिले. म्हटलं, डोंगर द्या, पण मेंढ्यांची वाट सोडा, अन्‌ वाडीला विजेची नवी डीपी बसवा. मागून बाया पण बोलायला लागल्या. वाट कागदावर आली. डीपीला खूप हेलपाटे पडले, पण बसली. लाइट अजून जाते, पण लवकर येते.

मालक परत आले, मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणे चांगल्या भरल्यात. एवढंच. पुढच्या साली शेळ्या दिराला दिल्या अन्‌ ते पण इथंच राहिले. दुपारी आम्ही दोघं प्लेटांच्या सावलीत भाकर खातो. कधी कधी त्यांचे पाय गुजरातच्या वाटेकडं ओढतात, मला कळतं. पण बरं शे आमचं.

ते एआय आम्ही काही पाहिलं नाही. पोरगी म्हणते, सुट्टीत आले की फोनवर दाखवते. दाखवेल. त्याला लागते ती वीज मिळो, विचारणाऱ्याला खरं उत्तर मिळो, अन्‌ डोंगरावरची वाट तेवढी मोकळी राहो. चला, ऊन कललं, मेंढ्या उठल्या.