बारावी रिंग

(चाळीसगावजवळचं गाव. झुंबरबाईचा ओटा, जूनची सकाळ. कॉलेजात सामाजिक उद्योजकता शिकवणाऱ्या मोहिनी मॅडम आणि त्यांची विद्यार्थिनी प्राची पेढे घेऊन आल्या आहेत.)

झुंबरबाई : ...नको मॅडम, ठेवा तठे. खाईन मंग.

मोहिनी : अहो झुंबरअक्का, तुकडा तरी! जळगावला पंचवीस कॉलेजांत आपला पहिला नंबर आला. आपल्या गेल्या वर्षीच्या प्रकल्पाचा, तुमच्या गल्लीच्या बिबड्यांचा. परीक्षक म्हणाले, ज्वारीचा पापड हातानं इतका एकसारखा होतो, यावर विश्वासच बसत नाही.

झुंबरबाई : हातानं कुठे? रिंगेनं.

मोहिनी : तेच हो. आणि आता नवी बॅच येतेय, अठरा मुलं. थांबा, आधी देवकाआजींना पेढा देऊन येते. दार बंद दिसलं त्यांचं. लेकीकडे गेल्यात का, फैजपूरला?

झुंबरबाई : लेकच इथे धावत ऊनी व्हती. माय आखाजीच्या सणाच्या आठ दिवस आधी गयी.

मोहिनी : गेल्या? अहो, काय सांगता! मला कुणी कळवलं नाही.

झुंबरबाई : कोण कळवणार? आमचीच तोंडं शिवलेली.

मोहिनी : आजारी होत्या?

झुंबरबाई : ताप नही, खोकला नही. झोपेतच गयी. बसा मॅडम. उभ्या उभ्या ऐकायचं नही हे. पोरी, तू बी बस.

मोहिनी : सांगा अक्का.

झुंबरबाई : या गल्लीत कोणाकडेबी बिबडे असले, की पहाटे घाटा शिजला रे शिजला, पहिली हाक देवकाबाईले. ज्वारीचा तो गरम गोळा पहिला तिनं फडक्यावर थापायचा, मंगच बाकीच्यांनी हात लावायचा. मी नवी नवरी व्हते तवा मना पहिला बिबडा फाटला. सासू करवादली. देवकाबाईनं मना हात धरला नि म्हणे, "फाटू दे माय, फाटेल बिबडाबी तेलात फुलस."

मोहिनी : म्हणून तर प्रकल्पाच्या यादीत मी त्यांचं नाव सगळ्यात वर लिहायला लावलं होतं.

झुंबरबाई : नि मंग गेल्या उन्हाळ्यात तुम्ही रिंगा आणल्या. बारा. बांगडीसारख्या, स्टीलच्या.

मोहिनी : बाजारात एकसारखा माल लागतो, अक्का. मुलांना तेच तर शिकवायचं होतं.

झुंबरबाई : शिकवलं ना. आम्हीबी शिकलो. रिंगेत नही बसला तो लाल टिकलीचा, परत. देवकाबाईचा हात थरथरे. तिचे बठ्ठे परत. रोज पिशवी भरून परत.

प्राची : टिकल्या मीच लावायचे, मॅडम.

मोहिनी : तुला काम नेमून दिलं होतं, प्राची.

प्राची : एकदा आजींनी विचारलं, "बेटा, फाटका नही, जळका नही, मंग परत कसाले?" मी म्हटलं, मॅडमनी सांगितलंय.

मोहिनी : मला का नाही बोललीस?

प्राची : बोलले होते, दुसऱ्या आठवड्यात. तुम्ही म्हणालात, भावनेत अडकलं की प्रकल्प उभा राहत नाही. सगळ्यांना वहीत लिहून घ्यायला लावलंत.

मोहिनी : हो. म्हणाले होते खरी.

झुंबरबाई : बठ्ठं तुमच्या माथी मारत नही मी. उन्हाळा सरला, तुम्ही गयात. रिंगा इथेच राहिल्या. यंदा तर घरचे बिबडे व्हते, घरात खायचे, लेकीबाळीले द्यायचे. तरी आम्ही रिंगा घेऊनच बसलो. डोळ्याले सवयच तशी लागली. जरा वाकडा दिसला की जीव वरखाली. मंग देवकाबाईले हाक कोण मारीन?

मोहिनी : कुणीच नाही मारली?

झुंबरबाई : मीबी नही. भिंतीले भिंत लागून घर. मना घरी बिबडे व्हते त्या दिवशी म्हातारी पहाटे न्हाऊन, खांद्यावर ओलं फडकं टाकून ओट्यावर बसेल व्हती. मी घाटा हाटत व्हते, दारातून बठ्ठं दिसे. म्हटलं, बोलावलं तर तिचे वेगळे वाळत घालाले लागतीन, तिलेच वाईट वाटीन. अशी मनाची समजूत घातली. खोटं, मॅडम, साफ खोटं! मलेच लाज वाटत व्हती तिच्या वाकड्या बिबड्यांची.

मोहिनी : अक्का, रडू नका.

झुंबरबाई : सात घरचे बिबडे झाले. सात पहाटा ती तशीच बसली. ऊन आलं की फडकं झटकायची नि आत जायची. कोणाले एक शब्द बोलली नही. शिव्या दिल्या असत्या तर बरं व्हतं.

मोहिनी : नवी बॅच नाही आणत मी. त्या रिंगा द्या, घेऊन जाते.

झुंबरबाई : बांधूनच ठेवल्या शेतस. घ्या. अकरा.

प्राची : बारा होत्या ना?

झुंबरबाई : आम्हालेबी वाटलं, एक तुमच्या पोरांनी नेली. देवकाबाईच्या उशाखाली निघाली, ही बघा. नि हा डबा. लेकीनं मना घरी ठेवला, तिची उघडायची हिंमत नही म्हणे. मी पाह्यलं, आता उघडा तुम्ही.

मोहिनी : बिबडेच आहेत. वरचे चांगले आहेत की. खाली... अहो, या तर लाल टिकल्या.

झुंबरबाई : एकबी तळला नही तिनं. नि त्यावरचे नंतरचे. दुपारी दार लावून घ्यायची. आम्ही म्हणायचो, म्हातारी झोपते. वाटीभर पीठ, मूठभर घाटा, नि ती रिंग. वर्षभर एकलीच शिकत व्हती, ज्यानं आम्हाले शिकवलं तोच हात. हा बठ्ठ्यात वरचा काढा. रिंग लावून बघ पोरी.

प्राची : बसला, मॅडम. बरोब्बर बसला.

झुंबरबाई : हाक आली की दाखवणार असेल. मॅडम, तुम्हीच सांगा. हा पास शे ना?