ढोलाला पाठ

केजच्या स्टँडवर नांदूरघाटच्या गाडीची वाट बघत बसलेल्या इसाकभाईंनी पेपर डोळ्यांपुढे धरला होता, पण कान शेजारच्या बाकावर होते. तिथे नाच शिकवणाऱ्या संगीताबाई आणि त्यांचे ढोलवाले म्हाळूमामा बसले होते.

"उद्या मी येत न्हाई, बाई."

"मामा, उद्या बीडला स्पर्धा हाय! पोरी कशावर नाचतील?"

"मोबाईलवर."

"पण कावून?"

"पोरी ढोलाला पाठ दावत्यात. बिरोबाम्होरं वाजणारा ढोल हाय त्यो."

"मामा, त्यो क्युबातला नाच हाय. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांचा. त्यात तसं वळावं लागतं."

"त्या लोकांत ढोल न्हाई?"

"हाय की. लई मान हाय त्याला."

"आन तरी पाठ दावत्यात?"

"दावत्यात. पण शेवटी सगळे ढोलाम्होरं येऊन वाकत्यात. जमिनीला हात लावत्यात."

"आपल्या पोरी न्हाई वाकत."

"ते मी काढून टाकलं."

"कावून?"

"परीक्षकांना ते आपल्याच गावचं वाटलं असतं. जरा परदेशी दिसाया पाहिजे ना."

म्हाळूमामांनी पटक्याचं टोक आत खोचलं.

"पाठ किती येळ असती?"

"चार गिरक्या."

"तेवढा येळ मी डोळे मिटून वाजवीन. पण वाकायचं परत घाला."

"घालते. पोरी वाकतील."

"आन तुमी?"

"मी तर पडद्यामागं असते."

"मग ढोल बी पडद्यामागंच ठिवू का?"

"न्हाई, न्हाई. येते मी म्होरं."

"मग मी बी येतो."