डाव्या मिनाराचे दगड

(तेल्हाऱ्याजवळच्या गावातली जुनी मशीद, २००६ सालचा मे. मशिदीचा कारभार पाहणारे मुतवल्ली रऊफचाचा आणि शेजारच्या शेताचा धनी सूर्यभान ओट्यावर बसले आहेत. मशिदीचा उजवा मिनार पुरा आहे, डावा छातीएवढा होऊन थांबलेला.)

सूर्यभान : म्हून म्हनतो चाचा, गोटे घेऊन जा. तुमचेच आहेत.

रऊफ : माझे कसे? तुह्या विहिरीच्या पायऱ्या आहेत त्या.

सूर्यभान : एखादी उलटी करून पाहा. खालून कमळाच्या पाकळ्या कोरल्या आहेत. विहिरीले कोनी कमळं कोरते काय?

रऊफ : ठाऊक आहे मले. दादाजान सांगत. मिनार इथवर आला अन् मोठा दुकाळ पडला. काम थांबवलं, घडवलेले गोटे बैलगाडीत घातले अन् तुह्या पणज्याच्या विहिरीत उतरवले. गावाले पानी पाहिजे होतं.

सूर्यभान : तवापासून तुमची मशीद एका हातानं दुआ मागून राहिली.

रऊफ : हास तू. मले लहानपणापासून एकच हौस, डोळे मिटाच्या आधी हा मिनार पुरा पाहावा. पुतन्या मोहसीन अमरावतीवरून आला, म्हने सिमेंटचा करू, वरून काळा रंग मारू. घुमट चुन्यात बेलफळाचा गर घालून बांधलेला, अन् त्याच्या बाजूले सिमेंटचं बुजगावनं उभं करतो तो.

सूर्यभान : मंग तेच सांगून राहिलो न. असली गोटे न्या. विहीर कोरडीठाक आहे. संत्र्याची झाडं म्या तोडली, पोरगा पियुष अकोल्याले कामाले लागला. आता तिच्यात उतरते कोन? उद्या ट्रॅक्टर येते, बुजवून टाकतो. माती पडाच्या आधी काढून घ्या.

रऊफ : गोदाबाईले पुसलं?

सूर्यभान : माय बोलत नाही माह्यासंगं. झाडं तोडली तवापासून.

रऊफ : बसतीन ते गोटे डाव्या मिनारात?

सूर्यभान : मोहसीननं माप घेतलं. बरोबर बसते, म्हने.

रऊफ : हं.

सूर्यभान : पाहिजेत न तुमाले चाचा?

रऊफ : जीव गुतला गा त्यायच्यात. खोटं काहून बोलू.

सूर्यभान : मंग न्या न.

रऊफ : ट्रॅक्टरवाल्याले नाही म्हून सांग. मोहसीनले मी सांगतो.

सूर्यभान : अन् मिनार?

रऊफ : राहू दे असाच.

सूर्यभान : कोरड्या विहिरीत पायऱ्या ठेवून काय करता चाचा?

रऊफ : पानी लागलं त उतरशीन कायच्यावरून?