तांबडीनं जमवलेली सोयरीक

आमच्या कुंभारवाड्यात फोन खिशात ठेवून काही उपयोग नाही. आमच्या घरात रेंज येते ती पडवीत टांगलेल्या टोपलीत, म्हणून फोन तिथंच असतो. यंदा आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला आली, आणि चांगली गवताची जागा सोडून त्या टोपलीत जाऊन बसली. बायकोनं खूश होऊन तिच्या पोटाखाली अंडी सरकवली. फोन आत आहे, हे कुणाच्या ध्यानातच नाही.

सकाळी कोंबडीखालून फोन वाजायला लागला. मी हात घातला, तर तिनं टोचून रक्त काढलं.

बायको म्हणाली, "हात लावू नगा. उठली तर परत बसायची न्हाई."

"अगं, खानापूरच्या पावण्यांचा असंल. आपल्या पोरीला होकार का नकार, ते सांगणार हायत."

"पावणं परत फोन करतील. ही परत बसंल व्हय?"

फोन दिवसभर वाजला. तो थरथरला की कोंबडी अंग फुगवून आणखी घट्ट बसायची. पिल्लं हलताहेत असं वाटलं असेल तिला. रात्री बॅटरी संपली.

दोन दिवसांनी मुलाचे वडील स्वतःच जीप घेऊन दारात. "आमचं पोरगं पसंत न्हाई का? आमची मागणी काय बी न्हाई. फोन तेवढा उचला."

मी खरं सांगणार, तेवढ्यात बायको आतून म्हणाली, "इचार चालू हाय."

लग्न ठरलं. आता गावात ज्याची मुलगी लग्नाची, तो हळूच विचारतो, "तुमची तांबडी परत कधी खुडूक होणार?"